अनिताचे हात

आमच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे चार जण आहेत. त्यातल्या तिघांना आखणीआधी चहा लागतो, तंबाखू लागते, पंखा बंद करावा लागतो आणि कुणी शिंकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा लागतो. चौथी अनिता. ती येते, ओढणी कमरेला बांधते, उजवं मनगट डाव्या मुठीवर टेकवते आणि कामाला लागते. मागे एकदा तिच्या पाठीमागची फळी मोडली आणि आठ-दहा मूर्ती धाडकन खाली आल्या. मालक बोंबलतायत, आम्ही सगळे पळतोय, आणि या बाईने हातातली भुवईची रेघ पुरी करून मगच मान वळवली. मी तिला म्हटलं होतं, "अनिता, तुला भीतीबिती काय हाय की नाय गो?" त्यावर ती नुसती हसली.

मी प्रविण. राहायला पेणमध्येच, रामवाडीच्या बाजूला. साच्याच्या कामात अठ्ठावीस वर्षं गेली. मला सगळ्यातलं सगळं कळतं असा माझा समज आहे, आणि तो गैरसमज आहे असं माझ्या बायकोचं मत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या या शहाणपणामुळेच झालं.

अनिता चव्वेचाळीस वर्षांची. नवरा नितेश नागोठण्याला एका कंपनीत शिफ्टला जातो. मुलगी पनवेलला शिकते. सासर रामवाडीला, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. माहेर रोह्याकडे, भिसे खिंड उतरल्यावर उजव्या हाताला डोंगराखाली एक खरबाची वाडी म्हणून आहे, तिथलं. पंधरा-वीस घरं, पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच शेतात वाल. तिथे तिचा थोरला भाऊ गुणाजी आणि त्याची बायको बायजा राहतात. कारखान्यात ती माझ्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसतेय आणि या नऊ वर्षांत तिने स्वतःबद्दल बोललेली वाक्यं मोजली तर एका पोस्टकार्डावर मावतील. मला वाटायचं, साधी बाई आहे, सांगण्यासारखं काही नसेल हिच्याकडे. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही तो हा असा.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिने आम्हा चार-पाच जणांना माहेरी पोपटीला बोलावलं होतं. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की त्या मडक्यात भरायच्या, वरखाली भांबुर्डीचा पाला घालायचा, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, काही नाही, पाल्याच्या वाफेवर शेंगा शिजतात. आम्ही दुपारी पोचलो. बायजावहिनी शेंगा निवडत होत्या, गुणाजीभाऊ मडकी अर्धवट धुऊन वालात गेले होते, आणि आमच्याबरोबर आलेली अनिता कुठे दिसेना. मी म्हटलं, तोवर पाला तरी आणतो, म्हणून घरामागच्या बांधावरून डोंगराकडे गेलो.

तिथे उभा कातळ आहे. वाडीतले लोक त्याला तेवढंच म्हणतात, उभा कातळ. सात-आठ मजल्यांच्या बिल्डिंगएवढा सरळ उभा, काळा, मधे मधे भेगा. मी पाला तोडता तोडता वर बघितलं तर कातळावर बऱ्याच उंचावर काहीतरी हललं. आधी वाटलं वानर. मग त्या वानराच्या अंगात पिवळा कुडता दिसला. तो कुडता मी येताना गाडीत बघितला होता.

माझ्या हातातला पाला खाली पडला. दोर नाही, काही नाही, पायात चप्पलसुद्धा नाही. ती एक हात वर करायची, बोटांनी दगड चाचपायची, मग दुसरा पाय उचलायची, आणि हे सगळं इतकं सावकाश की बघणाऱ्याचा जीव जावा. कातळाच्या अर्ध्यावर एक खोबण आहे, एका माणसाला टेकून उभं राहता येईल एवढी. तिथे ती पोचली, थोडा वेळ थांबली आणि तशीच पावलापावलाने परत खाली उतरली. खाली आली तर समोर मी, तोंड उघडं टाकून.

"घरी बोलू नको," ती म्हणाली. दुसरं काही नाही.

घरी बोललो नाही. पण त्या दिवसापासून तिचं डोकं खायला सुरुवात केली ती मात्र सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की माझी चौकशी सुरू. हळूहळू ती बोलायला लागली. लहानपणी शेळ्यांमागे हिंडताना ती त्या कातळावर चढायची. चौदा वर्षांची असताना एकदा, फक्त एकदाच, ती कातळ पुरा चढून डोंगरमाथ्यावर गेली होती. खोबणीपासून डावीकडे आठ-दहा फूट आडवं सरकायचं असतं. तिथे पायाला बोटभर जागा आणि हाताला नुसते फुगवटे. तेवढं ओलांडलं की पुढे घळ लागते आणि त्या घळीतून कुणीही वर जाईल. माथ्यावरून मागच्या बाजूने गुरांची वाट खाली येते. मग लग्न झालं, मुलगी झाली आणि कातळ राहिला माहेरी. चार वर्षांपूर्वी मुलगी पनवेलला गेली तेव्हा पुन्हा चढायला लागली.

"खोबणीपर्यंत काय नाय वाटत," ती म्हणाली. "तिथं गेले का हाताला घाम फुटतो. पुसते, परत फुटतो. पाच वेळा तिथनं मागं आले."

"चौदाव्या वर्षी नाय फुटला तो?"

"तवा माझ्यामागं कोण होतं?" ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "आता तिथं उभी राहिले का मुलगी दिसते. ह्यांची शिफ्ट सुटायची वेळ दिसते."

"मंग जातेस कशाला गो मरायला? आणि जायचं तर दोर बांधून जा."

"दोर धरायला कोण, तू?"

मला स्टुलावर चढून पंखा पुसायला सांगितलं तरी मी खाली कुणाला तरी उभं करतो.

एकदा मात्र ती आपणहून बोलली. हातात ब्रश होता, समोर मूर्ती होती, आणि ती मूर्तीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "वर असले का एकच काम असतं, प्रविणदादा. पुढचा हात कुठं, बस. भाजी कुठली करायची, कोण काय बोललं, काय म्हणून काय डोक्यात राहत नाय. भीती असते, पण ती बी कामाची असते, नीट धरायला लावते. नि एखाद्या ठिकाणी पाय बसला ना, का मला हसूच येतं. एकटीच हसते तिथं." हे सांगतानाही ती हसत होती. नऊ वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. डिसेंबरातली गोष्ट. दुपारी तिने फोन माझ्यापुढे धरला. कुठल्या तरी देशातली एक बाई असाच कडा चढत होती. तिच्या कमरेला मागे एक पिशवी होती. ती अधूनमधून पिशवीत हात घालायची आणि हात पांढरा करून बाहेर काढायची.

"ही कसली पावडर रे लावते?" अनिताने विचारलं.

मला विचारलं म्हणजे उत्तर यायलाच पाहिजे. "शंखजिरं," मी म्हटलं. "दुसरं काय असणार? घाम टिपायला. आपण अंगाला पावडर लावतो ती बी त्याचीच असते. मला विचारायचंस ना आधी! आपल्याकडे पोत्यानं पडलंय."

आणि पडलेलंच होतं, माझ्याच टेबलाखाली. शाडूची मूर्ती साच्यात भरायच्या आधी साच्याला आतून शंखजिऱ्याची पूड लावायची, हे माझं रोजचं काम. मी एक कापडी पिशवी घेतली, तिला नाडी ओवली, दोन मुठी पूड भरली आणि मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिली. तिने हातावर थोडी चोळून बघितली. हात कोरडा ठणठणीत. तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, चला, आपल्या हातून एक पुण्याचं काम झालं. आम्ही दोघं मिळून सदतीस वर्षं त्या पुडीत बसलेली माणसं, पण दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी ती रजेवर गेली. "माहेरी वाल काढायला," असं मालकाला सांगितलं आणि माझ्याकडे बघून पिशवी बांधल्यागत कमरेवर हात ठेवला. मी अंगठा दाखवला.

त्या सोमवारी दहाच्या सुमाराला मी साचा उघडत होतो. सोंडेचा साचा नेहमी त्रास देतो, माती कुठेतरी धरून बसते. त्या दिवशी मी पूड जरा सढळ हाताने लावली होती. साच्याचे दोन भाग सोडवले आणि सोंड जी सुळकन घसरून माझ्या हातात आली, ती इतकी अलगद की मी स्वतःवरच खूश होऊन मोठ्याने म्हणालो, "बघा, याला म्हणतात पूड लावणं! माती कशाला चिकटतेय!"

आणि मग मी काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं.

आपण ही पूड मातीने साचा धरू नये म्हणून लावतो. कशाला काही चिकटू नये, सगळं घसरून यावं, यासाठीच ती असते. आणि ती मी दगडाला धरून राहणाऱ्या बाईच्या हाताला दिली होती.

अनिताला फोन लावला, तो बंद. ती चढायला जाताना फोन बंद करून घरीच ठेवते हे मला माहीत होतं, तरी चार वेळा लावला. गुणाजीभाऊंना लावला, वाजून वाजून बंद पडला. मालकाला म्हटलं पोटात कळ आलीय, आणि बाइक काढली. वडखळपर्यंत ट्रकांच्या मागे अडकलो, मग नागोठणं, मग भिसे खिंडीची वळणं. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं बरंचसं अजून करायचं राहिलंय.

वाडीत पोचलो तर बायजावहिनी अंगणात सुपात वाल पाखडत होत्या. "अनू?" त्या म्हणाल्या. "ती चहा घेऊन कवाच गेली मागं. हे बी वालात गेलेत. काय झालं वो, घामाघूम झालात?"

मी उत्तर न देता मागच्या बांधावरून धावलो. वालाच्या शेतात गुणाजीभाऊ नव्हते. ते कातळाच्या पायथ्याशी एका मोठ्या ऐनाच्या खोडामागे उभे होते. हातात विळा, मान वर, आणि अंग खोडाला असं चिकटवलेलं की पलीकडून दिसू नये. मी जवळ गेलो तसं त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

मी वर बघितलं. अनिता खोबणीत उभी होती, तोंड कातळाकडे. तिने मागे हात नेला, कमरेच्या पिशवीत घातला, बाहेर काढला. पांढराफटक हात मला खालूनसुद्धा दिसला. मग दुसरा हात.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि गुणाजीभाऊंचा पंजा माझ्या तोंडावर बसला. शेंगांचा आणि मातीचा वास असलेला तो खरबरीत पंजा त्यांनी असा दाबला की माझे दात ओठात रुतले. "दचकंल ती," ते कानाशी कुजबुजले. "ओरडायचं नाय."

त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि मधल्या मधे ती डावीकडे निघाली होती.

डावा पाय तिने बोटभर कडेवर टेकवला. डावा हात लांब करून एका फुगवट्यावर ठेवला. उजवा हात अजून खोबणीच्या काठावर होता. तिने अंगाचं वजन डावीकडे सरकवलं आणि तो डावा हात सुटला. दगडावरून तो लोण्यावरून घसरावा तसा घसरला. ती अर्धी फिरली, तिची पाठ हवेत आली, पिशवीतून पांढरा धूर खाली उडाला. उजव्या हाताची चार बोटं काठाला होती तेवढीच. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती कशी कोण जाणे, परत खोबणीत होती, छाती कातळाला लावून. वरून एक लहानसा दगड टकटक करत आमच्यापर्यंत आला.

गुणाजीभाऊंनी माझ्या तोंडावरचा हात काढला. "काय झालं? ती अशी कधी घसरत नाय."

मी सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे, पण सगळं सांगितलं. पिशवी माझी, पूड माझी, अक्कल माझी.

"ती साच्याला चोपडता ती?" त्यांनी एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मला एक शिवी दिली असती, विळा उगारला असता तर बरं वाटलं असतं. ते पुन्हा वर बघायला लागले.

आता तिला पुढेही जाता येईना आणि मागेही. खाली उतरायचं तरी हात धरायला पाहिजेत. ती कुडत्याला हात पुसत होती, ओढणीला पुसत होती, दगडावर घासत होती, आणि मग फुगवट्यावर ठेवून बघायची की हात सरकायचा. ही पूड पुसून जात नाही हे मला नीट ठाऊक आहे. संध्याकाळी साबणाने हात धुतले तरी जेवताना ताटली हातातून निसटते माझ्या. मी फोन काढला, कुणाला तरी दोर घेऊन बोलवावं म्हणून. रेंज नव्हती. वाडीत पळत जाऊन माणसं आणायची तर ती कुठून चढणार आणि किती वेळात? खोबणीत टाचा टेकायला जागा नाही, चवड्यांवर माणूस किती वेळ उभा राहील? अर्धा तास? मी उन्हाकडे बघितलं. कातळ पश्चिमेला तोंड करून आहे, अजून सावलीत होता. दुपार झाली की तिच्या पाठीवर ऊन येणार होतं.

मला राहवेना. मी ऐनामागून बाहेर उघड्यावर आलो. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं, पण खोडामागे लपून त्या बाईचा जीव जाताना बघणं मला जमण्यासारखं नव्हतं. गुणाजीभाऊ मला मागे ओढायला आले आणि माझ्या शर्टाला धरून तेही उघड्यावर आले. नेमकं त्याच वेळी अनिताने मान वळवून खाली बघितलं.

तिने आम्हाला बघितलं. बराच वेळ बघत राहिली. गुणाजीभाऊंनी माझा शर्ट सोडला आणि दोन्ही हात खाली करून उभे राहिले. विळा गवतात पडला होता.

मग तिने तोंड परत कातळाकडे केलं. बघता बघता तिचे हात पुन्हा ओढणीकडे गेले. पुसले, दगडावर घासले, पुन्हा पुसले. पण आता ती हात झटकत होती आणि खाली पांढऱ्या ओल्या गोळ्या पडत होत्या. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. मग तिने भेगेतली कोरडी माती नखांनी उकरली, तळहातावर चोळली, फुंकली. डावा हात फुगवट्यावर ठेवला. दाबला. ठेवून राहिली. हात जागेवर राहिला.

ती मागे फिरेल, उतरून येईल असं मला वाटलं होतं. ती डावीकडे निघाली.

ते आठ-दहा फूट तिने किती वेळात पार केले ते विचारू नका. गाल कातळाला टेकलेला, एक पाय सरकला की दुसरा त्याच्या जागी, एक हात सुटला की दुसरा आधीच धरलेला. मधे एकदा ती थांबली, आणि मला वाटलं झालं, आता नाही जमणार. मग डावा हात पुढे गेला आणि घळीच्या काठावर पोचला. दुसऱ्या क्षणी पिवळा कुडता घळीत शिरला आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळाने अगदी वरून, माथ्यावरून, हसण्याचा आवाज आला. एकटीच मोठमोठ्याने हसत होती. मी गवतात बसलो.

मागच्या वाटेने ती खाली यायला पाऊण तास लागला. आली तेव्हा कपड्यांना कुसळं, नखं फुटलेली, उजव्या हाताच्या बोटांची सालं निघालेली आणि चेहरा असा उजळलेला की मला तिच्याकडे बघवेना. तिने कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तुझं शंखजिरं."

"अनिता, मी..." पन्नाशीचा माणूस मी, डोळ्यांत पाणी आलं.

"तू कशाला रडतोस? मी बी नऊ वर्षं तुझ्या बाजूला बसते. माझं डोकं कुठं गेलं होतं?" ती माझ्यासमोर खाली बसली. "पण सुटंना रे ती पूड. पुसली, घासली, काय केल्या सुटंना. म्हटलं, घाम तरी येऊ दे, घामानं तरी निघंल. एरवी तिथं धारा लागतात आणि आज हात कोरडे ठाक. हात सटकला तवापासून भीतीच वाटंना. मुलगी बी दिसंना, कोण दिसंना, डोकं एकदम रिकामं. मंग खाली बघितलं. तू दिसलास."

"माझी भीती वाटली?"

"तुझी कशाला वाटंल? तुझ्यामागं भाऊ दिसला. म्हटलं, आता मी पडले तर ह्याच्या पुढ्यात पडणार. तिथं जो घाम फुटला हाताला, जो फुटला! पूड सगळी चिखलागत निघाली."

हे सांगून ती हसली, आणि मग काहीतरी लक्षात आल्यासारखं तिने गुणाजीभाऊंकडे वळून बघितलं. ते गवतात विळा शोधत होते. विळा त्यांच्या पायाशीच पडलेला होता.

"भाऊ, तू इथं काय करत होतास?"

"वाल काढतोय."

"वाल तिकडं हाय."

गुणाजीभाऊ विळा उचलून त्याची धार बघत बसले. ऐनाच्या खोडामागे गवत दबलेलं होतं. एका दिवसात दबत नाही तसं, पायाखाली पार जमीन उघडी पडली होती. ते मला दिसलं आणि अनितालाही दिसलं.

"कवापासून?" तिने विचारलं.

"तू चौथीत होतीस. शेळीच्या मागनं चढलीस. तवापासून."

"दर वेळी?"

"तू चहा पिऊन मागल्या दारानं गेलीस का मी निघतो. तू उतरायला लागलीस का वालात जातो."

"नि कधी बोलला नाय? अडवलं नाय मला?" ती चिडली होती. तिचा आवाज चढला होता, आणि मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "एवढी वर्षं इथं उभा राहतोस नि मला पत्ता नाय?"

"मी दिसलो तर तुझे पाय कापले असते," ते म्हणाले. "आणि अडवलं असतं तर तू दुसरीकडं कुठं गेली असतीस. मला म्हाईत नाय अशा ठिकाणी."

मला गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "पण गुणाजीभाऊ," मी म्हटलं, "समजा पडलीच असती, तर तुम्ही खाली उभं राहून काय करणार होता? झेलणार होता?"

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. एकदा वर कातळाकडे बघितलं, मग आम्ही बसलो होतो त्या गवताकडे.

"नाय," ते म्हणाले. "झेलायला नाय जमायचं मला. पण पडली तर तिथं एकटी नको, म्हणून."

अनिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. आतून कढ यावेत तशी, अंग हलवून. गुणाजीभाऊंनी विळा बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. मी उठलो आणि जरा लांब बांधावर जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.